क्षेमाची नोकरी

गेल्या माघात कोपरखैरण्यास काल्याचे कीर्तन झाले. पाया पडावयास आलेल्या एका माथाडी बंधूने पोराला पुढे केले. "महाराज, याला सरकारी नोकरी लागू द्या, एवढा आशीर्वाद असू द्या." पोरगा तिशीचा. सहा वर्षे लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देतो आहे. खुल्या वर्गास मर्यादा 38 वर्षांची, म्हणजे अजून आठ वर्षे हीच आशा. आयोगाची कचेरी आता बेलापुरासच आहे म्हणा. पण जवळ असून काय उपयोग?

लोक म्हणतात, पोरांना खुर्ची नि वरकमाई हवी. तसेही असतात, त्यांचे सोडा. या बापाने तुर्भ्याच्या बाजारात जन्मभर पाठीवर गोणी वाहिल्या. गीतेतील योगक्षेम शब्दाची आचार्यांनी फोड केली आहे : नसलेले मिळणे तो योग, मिळालेले राखणे तो क्षेम. खाजगी कंपनीत योग कधी जास्तही असेल, पण क्षेमाचा भरवसा नाही. सरकारात महिन्याचा ठरलेला पगार, दुखण्यात पगारी रजा, उद्या काढून टाकतील ही धास्ती नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. ते परत मिळावे म्हणून मार्च 2023 मध्ये लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर होते. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हे, म्हातारपणाची! हमालालाही 1969 च्या माथाडी कायद्याने थोडा क्षेम दिला : मंडळात नोंद, भविष्य निर्वाह निधी. त्यावरच या बापाचे घर उभे राहिले. मग त्याला लोभी कसे म्हणावे?

भार देवावर टाका, असे आम्ही कीर्तनात सांगतो. पण खरे बोलायचे तर आमच्या मोतीबिंदूचा खर्च मुलाने केला, आणि तो जिल्हा परिषदेत कारकून आहे!

दामाजीपंतही बादशहाचे चाकरच. क्षेम पुरता होता. दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार लोकांस लुटू दिले, तेव्हा नोकरीच काय, मानही पणास लागली. म्हणून क्षेम मागण्यात दोष आम्हांस दिसत नाही. तो मिळाल्यावर कोठाराची किल्ली कोणासाठी फिरते, तेथे माणूस कळतो. पण ज्याला किल्लीच मिळाली नाही, त्याची उमेदीची वर्षे वाट पाहण्यात जातात, त्याचे काय? दामाजीची कथा त्याच्या कामाची नाही.

पोराला म्हटले, "बाळा, आणखी दोन वर्षे दे. मग बाजारात हिशेबाचे काम धर." पोराने मान हलवली. बाप मात्र रुसला. "महाराज, आम्ही आशीर्वाद मागितला होता."

तोही दिला.