परिपाठातली बातमी

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग ताज्या बातम्या. परिपाठाचा हा क्रम महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत पाठ असतो. एक मुलगी वहीच्या पानावर मथळे उतरवून आणते, एका दमात वाचते आणि रांगेत जाऊन उभी राहते. पुढे त्या कागदाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या शाळेत इतकी वर्षं शिकवताना मला त्याची हळहळ वाटत आली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये त्या कागदावर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हा आजार आला. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात रुग्ण वाढत होते. आमच्या वर्गातली दोन मुलं सिंहगड रस्त्यावरून व्हॅनने येत आणि त्यांच्या बाकावर बसायला कुणी तयार होईना. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. हा आजार शेजारी बसून होत नाही. बहुतेकदा आधी एखादा जंतुसंसर्ग होतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, हे समजावून सांगितलं. तेवढ्यात एकाने विचारलं, ‘बाई, पेपरात रुग्णांचे दोन आकडे का असतात? संशयित वेगळे आणि निदान झालेले वेगळे?’

हा प्रश्न पाठ्यपुस्तकातून आलाच नसता. पुस्तकात सगळं ठरून गेल्यावर छापलेलं असतं. तिथे कुणी चाचपडत नाही, कुणाचा अंदाज चुकत नाही. शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही अशी वेळ मुलांना फक्त बातमीतच भेटते. आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले: ‘कळलंय’, ‘वाटतंय’, ‘शोधतायत’. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, ते पहिल्या रकान्यात गेलं. तो विहिरीच्या पाण्यातून आला की अन्नातून, ते तिसऱ्यात. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीच्या मृत्यूंचा नकाशा काढून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं होतं, ते त्याच तासाला सांगितलं. एरवी ते सामान्यज्ञानाचं एक वाक्य ठरलं असतं. त्या दिवशी मुलांनी स्वतःहून सिंहगड रस्त्याचा नकाशा मागितला.

इतिहासाच्या बातमीला शिक्षक जास्त बिचकतात. मीही बिचकत होते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून शिवाजी महाराजांची म्हणवली जाणारी वाघनखं साताऱ्याला आली आणि ती खरी की नाही, यावर वाद पेटला. आपण गप्प बसावं, असं वाटलं. पण त्या संग्रहालयानेच म्हटलं आहे की महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा झालेली नाही. तेवढं मी वर्गात सांगितलं आणि वाघनखांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुराचा आशय फळ्यावर लिहिला: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला दिलेलं.

पहिला हात मागच्या बाकावरून वर झाला. ‘बाई, अफजलखान मोगल नव्हता. तो आदिलशहाचा.’ चौथीतच शिकलेली गोष्ट! दुसरीने वजाबाकी केली. अफजलखान प्रतापगडाखाली मारला गेला १६५९ मध्ये, ग्रँट डफ साताऱ्याला आला १८१८ मध्ये. ‘मधली १५९ वर्षं ती कुणाकडे होती?’ महाराजांबद्दलची श्रद्धा कुणाचीच तसूभर कमी झाली नाही. उलट त्यांच्याबद्दल कुणीही काहीही लिहिलेलं आपण मानायचं नाही, असा एक अभिमानी हट्ट वर्गात आला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची पायाभरणी केली, ते आमच्याच पेठेत आहे. अस्सल कागद कोणता आणि मागून लिहिलेला कोणता, हे पारखण्यात तिथे माणसांनी आयुष्यं घातली. त्या कामाचं मोल मुलांना सांगायला मला दुसरी इतकी चांगली संधी मिळाली नसती.

पोर्शन मागे पडतो, हे खरं आहे. वाघनखांच्या त्या आठवड्यात माझा एक धडा राहिला आणि तो मी शनिवारी जादा तास घेऊन संपवला. पालकांच्या तक्रारीही आल्या. पण वजाबाकी करणारी ती मुलगी सुट्टीत माझ्याकडे आली. तिला पेटीवरचा मजकूर इंग्रजीत जसाच्या तसा उतरवून हवा होता. ‘लिहिणाऱ्याचं नाव आहे का त्यावर?’ असं ती विचारत होती.