फुलबॅकचं पहिलं काम

21 जून 1970. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना संपत आला होता. ब्राझील इटलीविरुद्ध 3-1 असा आघाडीवर होता. जाइरझिन्होनं डावीकडून आत मुसंडी मारून पेलेकडे चेंडू दिला. पेलेनं जराही घाई न करता तो उजवीकडे सरकवला. तिथं त्या क्षणी कुणीच नव्हतं. पुढच्याच क्षणी मागून सुसाट धावत कर्णधार कार्लोस आल्बेर्तो आला आणि त्यानं चेंडू जाळ्यात धाडला. फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या गोलांमध्ये आजही गणला जाणारा हा गोल उजव्या फुलबॅकनं केला होता.

ती जागा मोकळी कशी राहिली, हे पाहण्यासारखं आहे. इटलीची ती बाजू सांभाळायचा जाचिंतो फाकेत्ती. फुलबॅकनं पुढे जावं, गोल करावेत, हे युरोपला पटवून देणाऱ्यांत त्याचं नाव अग्रभागी. इंटर मिलानकडून 1965-66च्या लीग हंगामात त्यानं 10 गोल केले होते. पण या वेळी तो आक्रमणाच्या मोहात पडला नव्हता. जाइरझिन्होला सोडायचं नाही, ही जबाबदारी निभावताना तो त्याच्यामागे मधल्या भागात ओढला गेला होता. म्हणजे जागा रिकामी पडली ती बचाव करता करताच. ‘फुलबॅकनं आधी बचाव बघावा’ हे वाक्य ऐकलं की मला हा गोल आठवतो. वाक्य खरं आहे, असंच मी मानतो. मात्र बचाव बघणं म्हणजे नेमकं काय करणं, हे ठरवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

पुढे जाणारा फुलबॅक ही काही आजची टूम नाही. 1958च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाविरुद्ध ब्राझीलच्या निल्टन सांतोसनं डाव्या बाजूनं चाल करून गोल केला होता. पुढं खेळ बदलत गेला तसं या जागेचं महत्त्व वाढलं. मैदानाच्या मध्यभागी गर्दी झाली, विंगर कडेला चिकटून राहण्याऐवजी आत वळून गोलवर फटके मारू लागले आणि कडेची पट्टी ओस पडली. सगळ्या संघात ज्याच्यासमोर मोकळं मैदान उरलं असा खेळाडू म्हणजे फुलबॅक. त्याला मागेच बांधून ठेवणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं काम सोपं करणं. फुलबॅक पुढे येत नाही म्हटल्यावर समोरचा विंगर परतायची तसदी घेत नाही. तो वरच थांबतो आणि पुढच्या हल्ल्यासाठी ताजातवाना राहतो. विंगरला मागे धावायला लावणं हासुद्धा बचावच आहे.

लिव्हरपूलचा 2018-19चा हंगाम याचा चांगला दाखला आहे. प्रीमियर लीगमध्ये त्यांच्या उजव्या फुलबॅकनं, ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डनं 12 आणि डाव्या बाजूच्या अँडी रॉबर्टसननं 11 असिस्ट दिले. दोघंही जवळजवळ विंगरसारखे खेळत होते. त्याच हंगामात लिव्हरपूलवर 38 सामन्यांत फक्त 22 गोल झाले. लीगमधल्या इतर कुठल्याही संघावर याहून कमी झाले नव्हते. हे जमलं, कारण फुलबॅक वर गेला की मिडफिल्डर त्याची जागा झाकायला सरकत, चेंडू गेला की जवळचे खेळाडू तिथल्या तिथे तो हिसकावायला तुटून पडत आणि त्यातूनही कुणी निसटलाच, तर मागे सेंटरबॅक व्हॅन डाइक आणि गोलरक्षक अ‍ॅलिसन होते. फुलबॅकचं पुढे जाणं हा एकट्याचा निर्णय नव्हता. अकरा जणांनी मिळून केलेला तो करार होता.

मग आक्रमक फुलबॅकवर नेहमी येणारा ठपका खोटा का? खोटा नाही, पण बहुतेकदा भलत्या ठिकाणी ठेवलेला असतो. 28 मे 2022, पॅरिसजवळ चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, 59वं मिनिट. रेआल माद्रिदच्या व्हाल्वेर्देनं लिव्हरपूलच्या डाव्या बाजूनं गोलसमोर जोरदार चेंडू मारला. लांबच्या पोस्टजवळ व्हिनिसियस एकटा होता. त्यानं तो सहज आत ढकलला आणि सामना 1-0 असा गेला. अलेक्झांडर-आर्नोल्ड तेव्हा पुढे गेलेला नव्हता. तो आपल्याच पेनल्टी क्षेत्रात, जिथं असायला हवं तिथंच होता. त्याची नजर चेंडूवर होती आणि माणूस पाठीमागे.

चाळीस वर्षं मागे जाऊ. 5 जुलै 1982, बार्सिलोना, विश्वचषकाचा सामना. ब्राझीलला इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती आणि गुणफलक 2-2 होता. 74व्या मिनिटाला कॉर्नरवरून चेंडू बाहेर आला. तार्देल्लीनं फटका मारला, पाओलो रॉसीनं तो वाटेतच वळवून जाळ्यात घातला. ब्राझीलचा डावा फुलबॅक ज्युनियर हात वर करून ऑफसाइड मागत होता आणि रॉसीला ऑनसाइड ठेवणारा, गोलरेषेवर थांबलेला खेळाडू तो स्वतःच होता! ज्युनियर पुढे जाऊन खेळणाऱ्या फुलबॅकांमधला मोठा कलावंत. पण ब्राझीलला महागात पडलेल्या त्या क्षणी तो आपल्या गोलपासून जराही लांब नव्हता.

हे दोन्ही गोल मला फार महत्त्वाचे वाटतात. ‘पुढे जाऊ नकोस’ ही ताकीद या दोघांना कणभरही उपयोगी पडली नसती. कमी पडली ती जागरूकता. खांद्यावरून मागे पाहणं, चेंडू आणि माणूस दोघंही दिसतील असं अंग वळवून उभं राहणं, सहकारी पुढे सरकले की आपणही सरकणं हे ते कौशल्य. ते मागे थांबून आपोआप येत नाही. रोज घटवून घ्यावं लागतं.

याची दुसरी बाजूही आहे. 8 जुलै 2014ला बेलो होरिझोंटेत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीनं ब्राझीलला 7-1 असं चिरडलं. त्यातले चार गोल 23व्या ते 29व्या मिनिटांत झाले. ब्राझीलचा डावा फुलबॅक मार्सेलो पुढे जायचा, त्याच्यामागची बाजू उघडी पडायची आणि तिथूनच फिलिप लामच्या क्रॉसवर क्रूसनं तिसरा गोल केला. एक गोल खाल्ल्यावर परतफेडीच्या घाईत ब्राझीलची सगळी घडीच विस्कटली होती आणि मधल्या भागातही चेंडू हातचे जात होते. कुणी कुणाची जागा झाकायची हे ठरलेलं नसेल, तर पुढे जाणं ही जुगारी चाल ठरते. तिथं फुलबॅकनं थांबायलाच हवं. एरवी खेळ मोकळा असावा असं मानणारा मीसुद्धा याबाबत तडजोड करणार नाही.

बचाव पक्का करून घेतला तर आक्रमण बोथट होतं, ही भीतीही अनाठायी आहे. फ्रान्सनं 2018चा विश्वचषक जिंकला तो बेंजामिन पावार आणि लुका हर्नांदेझ या फुलबॅकांसह. दोघंही क्लबकडून प्रामुख्याने सेंटरबॅक म्हणून खेळणारे. अर्जेंटिनाविरुद्ध फ्रान्स 1-2 मागे असताना हर्नांदेझनं डावीकडून क्रॉस मारला आणि उजवीकडून आलेल्या पावारनं तो हवेतल्या हवेत फटकावून जाळ्यात धाडला. स्पर्धेतला सर्वोत्तम गोल म्हणून चाहत्यांनी त्याचीच निवड केली. उलटा प्रवासही शक्य आहे. गोव्याचा मंदार राव देसाई मूळचा विंगर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला डावा फुलबॅक केला आणि 2020-21मध्ये मुंबई सिटीनं आयएसएलची लीग शिल्ड आणि विजेतेपद अशी दोन्ही मिळवली, तेव्हा तो त्याच जागी होता. मधल्या फळीत खोलवर अहमद जाहू असल्यामुळे त्याला वर जाता येत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की शिकवताना आणि निवडताना बचावाला पहिला मान द्यावा. मैदानात कुठं उभं राहायचं हे मात्र खेळ ठरवेल. आपल्याकडे मुलांच्या सामन्यांत बॅकनं मध्यरेषा ओलांडली की बाहेरून ‘मागे ये’ असा आरडाओरडा सुरू होतो. त्या ओरडण्यातून मुलगा फक्त भीती शिकतो. चेंडू गेला तर पहिला कोण धावणार, तुझी जागा कोण घेणार, लांबच्या पोस्टवर तुझ्या पाठीमागे कोण आहे, हे प्रश्न त्याला सरावात रोज विचारावेत. ज्याला उत्तरं देता येतात, त्याला खुशाल पुढे जाऊ द्यावं. ज्याला देता येत नाहीत, त्याला मागे थांबवूनही संघाचं भलं होणार नाही. आधी त्याला ती शिकवावी लागतील. हे काम प्रशिक्षकाचं आहे आणि ते मुलं चौदा-पंधरा वर्षांची असतानाच व्हायला हवं.