चौथ्या रात्री कोणाचे ऐकायचे?

अमेरिकेत साधारणपणे दर जून महिन्यात सायकलींची एक शर्यत होते. तिचे नाव ‘रेस अक्रॉस अमेरिका’. पश्चिमेला पॅसिफिक महासागराच्या काठावरून निघायचे आणि अख्खा देश ओलांडून पूर्वेला अटलांटिकच्या बाजूला पोहोचायचे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. आपण श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत रस्त्याने गेलो तरी एवढे अंतर भरत नाही.

‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. तिथे संध्याकाळी टप्पा संपतो, खेळाडू हॉटेलात जाऊन जेवतात, अंग रगडून घेतात आणि झोपतात. इथे तसे काही नाही. एकदा घड्याळ सुरू झाले की ते शेवटच्या रेषेपर्यंत चालूच राहते. झोपायचे असेल तर जरूर झोपावे, पण तेवढा वेळ आपल्याच खात्यातून जातो. तरुण पुरुष स्पर्धकाला बारा दिवसांची मुदत असते. म्हणजे रोज सरासरी ४०० किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूरला सायकलने जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच, आणि असे बारा दिवस. वाटेत चाळीस अंशांपुढचे वाळवंट, मग रॉकी पर्वतातले तीन हजार मीटरांहून उंच घाट, मग कॅन्ससचे सपाट मैदान, जिथे वारा समोरून आला की उतारच काय, आडोसाही नसतो, आणि शेवटी थकल्या पायांना ॲपलेशियन डोंगरांचे चढउतार.

१९८२ साली पहिल्यांदा ही शर्यत झाली तेव्हा चौघेच धावले. लॉन हाल्डेमन दहा दिवसांच्या आत न्यूयॉर्कला पोहोचून पहिला आला. पुढे ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने २०१४ साली ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत ती पूर्ण केली.

अशी माणसे पाहिली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘इच्छाशक्ती’. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे मुलांना हेच सांगतात. पण या शर्यतीची माहिती थोडी खोलात जाऊन वाचली तर वेगळेच चित्र दिसते.

एकट्याने धावणाऱ्या स्पर्धकाला तिथे ‘सोलो’ म्हणतात. पण या एकट्याच्या मागे गाडी असते आणि गाडीत त्याचे पथक असते. सायकल दुरुस्त करणारा, खाणेपिणे देणारा, नकाशा पाहणारा, मालिश करणारा, चालक. रात्री तर मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच सायकल चालवायची असा नियम आहे. पेडल मारणारे पाय एकट्याचे, हे खरे. बाकीचे?

स्लोव्हेनियाचा यूरे रोबिच हा सैनिक ही शर्यत पाच वेळा जिंकला : २००४, २००५, २००७, २००८ आणि २०१० साली. त्याच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. पहिले एकदोन दिवस उलटले की कधी खायचे, किती वेगाने जायचे, कधी आणि किती वेळ झोपायचे, हे सगळे त्याचे पथक ठरवी. कारण तोवर रोबिचची बुद्धी ठिकाणावर राहत नसे. आपल्यामागे घोडेस्वार लागले आहेत असे त्याला वाटे. एकदा तर रस्त्याकडेला दबा धरून बसलेल्या शत्रूंशी लढायला तो सायकलवरून उतरला, आणि पाहतो तर ती लोकांच्या घरासमोरची टपालपेट्यांची रांग होती. त्याची इच्छाशक्ती अफाट होती यात शंका नाही. पण चौथ्या रात्री ती त्याच्याजवळ नव्हती. ती त्याने आधीच मागच्या गाडीतल्या माणसांकडे ठेवायला दिली होती. आपण प्रवासाला निघताना दागिने शेजाऱ्याकडे ठेवतो ना, तशी.

यातून उभा राहणारा प्रश्न मला फार अवघड वाटतो. तो नीट समजण्यासाठी मायकल शर्मरची हकीकत सांगतो. १९८२ साली धावलेल्या चौघांपैकी तो एक. १९८३ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा उतरला. ८३ तास त्याने झोप घेतली नव्हती आणि सुमारे दोन हजार किलोमीटर झाले होते. नेब्रास्कातल्या एका लहानशा गावाजवळ पहाटेच्या अंधारात त्याच्या पथकाची मोठी गाडी दिवे झगमगवीत त्याच्या बाजूला आली. तो आता दीड तास झोपावा एवढाच त्यांचा हेतू होता. शर्मरला मात्र दिसले ते परग्रहावरून आलेले यान, आणि त्यातून उतरणारे लोक म्हणजे आपल्या मित्रांची रूपे घेतलेले परग्रहवासी. आपल्याला पळवून न्यायला आलेले! त्याने त्यांची उलटतपासणी घेतली. खऱ्या मित्रांनाच ठाऊक असतील असे प्रश्न विचारले. त्यांनी अचूक उत्तरे दिली, पण त्याचा संशय काही जाईना. शेवटी त्यांनी कसेबसे त्याला झोपवले. नव्वद मिनिटांनी उठला तो ताळ्यावर आलेला होता, आणि हा सगळा प्रकार त्याने टीव्हीवाल्यांना हसतहसत सांगितला. (पुढे हाच शर्मर लोकांचे अद्भुत अनुभव तपासून पाहणारा नामांकित संशयवादी लेखक झाला. त्याच शर्यतीत त्याच्या मानेचे स्नायू निकामी होऊन डोके वर उचलेना, म्हणून या विकाराला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात.)

आता विचार करा. त्या क्षणी तो म्हणत होता, “मला हात लावू नका.” जानेवारीत घरी बसून शर्यतीची तयारी करणारा शर्मर मात्र याच मित्रांना मोठ्या विश्वासाने सोबत घेत होता. दोघेही शर्मरच. मग पथकाने कोणाचे ऐकायचे?

हा प्रश्न नेब्रास्कापुरता नाही. दारू सोडायची ठरवलेला माणूस सकाळी बायकोला पगाराचे पाकीट देतो आणि म्हणतो, “रात्री मी मागितले, ओरडलो, रडलो, तरी देऊ नकोस.” रात्र होते. तो मागतो, ओरडतो, रडतो. “माझे पैसे आहेत” असे म्हणतो, आणि पैसे त्याचेच असतात. गुडघ्याचे ऑपरेशन झालेली आई आधी मुलीला बजावते, “माझ्याकडून रोज व्यायाम करून घे गो, मी कंटाळा केला तरी.” तिसऱ्या दिवशी तीच आई मुलीला म्हणते, तुला माझी दया कशी येत नाही?

सोपे उत्तर असे की जे आधी, शुद्धीत ठरवले तेच खरे. मला ते अर्धेच पटते. शुद्धीतल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे चौथी रात्र. जानेवारीत उबदार खोलीत बसून “मला थांबू देऊ नका” म्हणणे सोपे आहे. ज्याच्या तळपायाला फोड आले आहेत, ज्याला खोगिरावर बसवत नाही, त्याच्याकडे जानेवारीतल्या माणसाकडे नसलेले ज्ञान आहे. ते ज्ञान तो भ्रमाच्या भाषेत बोलतो म्हणून खोटे ठरत नाही. कधी कधी शरीरच त्याच्या तोंडून बोलत असते.

आणि पथकालाही धुतल्या तांदळासारखे समजू नये. त्यांनी नोकरीतून रजा काढलेली असते. पैसे गोळा करायला वणवण केलेली असते. गावी परतल्यावर सत्कार व्हायचा असतो. तेही चार रात्री धड झोपलेले नसतात. “तो थांबायचे म्हणतो, पण तसे त्याला मनातून वाटत नाही” हे वाक्य त्यांच्या फार सोयीचे असते. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याचे न ऐकणे आणि आपल्या हौसेसाठी न ऐकणे, दोन्ही बाहेरून अगदी सारखीच दिसतात. किती अंतर उरले हे त्याला खरे सांगायचे की धीर यावा म्हणून कमी सांगायचे? इथूनच घसरण सुरू होते असे माझे मत आहे. माणसाने आपली इच्छा आपल्या हाती सोपवली म्हणून त्याच्याशी खोटे बोलण्याचा परवाना मिळत नाही.

एक तास झोपू द्यायचे की नाही, हा निर्णय किती जिकिरीचा असतो ते आपल्याकडच्या दोघांच्या आकड्यांवरून कळेल. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याआधी कोणा भारतीयाला हे जमले नव्हते. गोकुलनाथ तेव्हा नाशिकला असत, आणि ते लष्करात डॉक्टर. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती पार केली होती, आळीपाळीने सायकल चालवून. एकट्याला आळीपाळी कुठली? गोकुलनाथ यांना ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे लागली. समर्थ यांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटे. बारा दिवसांच्या मुदतीत एकाकडे सव्वापाच तास शिल्लक होते, दुसऱ्याकडे तीन तासही नव्हते. साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर तुडवल्यावर! अशा हिशेबात “झोपू द्या त्याला बिचाऱ्याला” असे म्हणणाऱ्या सोबत्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल.

पण हेच गोकुलनाथ २०१६ सालीही गेले होते आणि तेव्हा त्यांना ती पूर्ण करता आली नव्हती. श्ट्रासरचेही तसेच. तोवर तीनदा जिंकलेला आणि विक्रम नावावर असलेला हा माणूस २०१५ साली श्वसनाच्या त्रासामुळे मध्येच थांबला. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे तो पहिला आला. २०१५ साली कोणी जानेवारीतल्या वचनाचा हवाला देऊन त्याला हाकलत नेले असते तर?

म्हणून मला वाटते, जानेवारीतला माणूस काही गोष्टी देऊ शकतो आणि काही देऊ शकत नाही. तो आपली झोप देऊ शकतो. दुखणे, कंटाळा, राग, “आता पुरे” म्हणण्याचा हक्कसुद्धा देऊ शकतो. आपली फुफ्फुसे तो देऊ शकत नाही. जीव तर मुळीच नाही, कारण तो सर्वस्वी त्याचा एकट्याचा नसतो. रस्ता बंद करून ही शर्यत होत नाही, वाहने चालूच असतात. २००३ आणि २००५ साली या शर्यतीत एकेक स्पर्धक वाहनाच्या धडकेत प्राणाला मुकला आहे. दुखणे आणि बिघडणे यांतला फरक ओळखणे हेच पथकाचे खरे काम, आणि तो ओळखायला सायकलचे किंवा शर्यतीचे ज्ञान पुरत नाही. त्या माणसाला ओळखावे लागते. नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी २०१९ साली शर्यत पूर्ण केली तेव्हा पथकात त्यांची बहीण होती. बहिणीला भावाचे नेहमीचे रडगाणे कोणते आणि खरी कळ कोणती ते कळते.

या सगळ्याला कंटाळून काहींनी दुसरा मार्ग काढला. माइक हॉल या इंग्रज सायकलपटूने २०१३ साली युरोपात ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल’ शर्यत सुरू केली. तिथे पथक नाही, गाडी नाही, जे लागेल ते स्वतः वाहायचे किंवा वाटेत दुकानात विकत घ्यायचे. तिथे इच्छा कोणाकडे ठेवायला द्यायची सोयच नाही. हे अधिक प्रामाणिक आहे असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला समजते. पण तिथे “आता थांब” म्हणणाराही कोणी नसतो. हॉल स्वतः ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका शर्यतीत कॅनबेराजवळ मोटारीच्या धडकेने गेला.

रोबिचचा अंतही रस्त्यावरच झाला. पाचव्यांदा जिंकल्यानंतर तीन महिन्यांनी, २४ सप्टेंबर २०१० रोजी, स्वतःच्याच देशात डोंगरउतारावर सायकल चालवताना समोरून मोटार आली. तो ४५ वर्षांचा होता.

या शर्यतीच्या पथकांत एक पद्धत असते. माणसे पाळ्या लावतात. एक गट मागच्या गाडीत असतो तेव्हा दुसरा पुढे जाऊन आंघोळ करतो, जेवतो, झोपतो. कारण जागून जागून ज्याची मती गुंग झाली आहे त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव देता येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. पगाराचे पाकीट तांदळाच्या डब्यात लपवून दाराआड बसलेल्या त्या बाईची आज चौथी रात्र नाही, कदाचित चारशेवी असेल. तिची पाळी बदलायला आपल्या गल्लीतून कोण जाते?