अर्जातले खरे

मच्छ्याचे तंत्र विद्यापीठ आमच्या पिरनवाडीच्या शेजारी. तरी एक माजी विद्यार्थी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी अर्ज करीत होता. ‘का शिकायचे’ हे निवेदन त्याने विकत लिहून घेतलेले! म्हणे, लहानपणापासून संगणकाचे वेड. शाळेतला संगणक तर कुलपात असे. (किल्ली माझ्याच खिशात.) मला आठवला तो बसच्या पाट्यांवरची कन्नड अक्षरे मराठीशी ताडून पाहणारा पोरगा.

“हेच लिही,” मी म्हटले. “भाषा यंत्राला शिकवण्याचे काम चालते अशी संस्था शोध. मुंबईच्या आय.आय.टी.त २००० पासून असे केंद्र आहे. क्रमवारी मागाहून बघ.”

“सर, खरे लिहून प्रवेश हुकला तर?”

मी गप्प झालो. उपदेश माझा, वर्ष जाणार त्याचे. ‘गेट’चे गुण तीन वर्षे चालतात, एवढेच सांगितले.