आज्ञार्थातील विनय

कचेरीत आमचा निम्मा दिवस आज्ञा घेण्यात व उरलेला देण्यात जातो. म्हणूनच हौसेने हाती घेतलेल्या स्पॅनिश व्याकरणातील आज्ञार्थाचा धडा आम्हांस निव्वळ व्याकरणाचा वाटला नाही.

त्या भाषेत ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे. जवळच्या माणसास ‘आब्ला’, ‘कोमे’ असे सांगतात. नियमित क्रियापदांची हीच रूपे ‘तो बोलतो’, ‘तो खातो’ या अर्थीही चालतात. जणू सांगितले की काम झालेच! आदराच्या माणसास मात्र स्वरांची अदलाबदल करून ‘आब्ले’, ‘कोमा’ म्हणावे लागते, आणि ही रूपे इच्छा वा संशय दर्शविणाऱ्या अर्थातली आहेत. आपल्या ‘बस’ आणि ‘बसावे’ यांत काहीसा असाच भेद आहे.

परंतु रूप पालटल्याने आज्ञा पालटते काय? वरिष्ठांच्या ‘सादर करावे’ या शेऱ्यास नकार देण्याची सोय आम्हांस कधी आढळली नाही. हा विनय म्हणजे दंभ, असेच आम्ही मानीत होतो.

परवा वडिलांच्या वयाच्या शिपायास आम्ही ‘पानी लाओ’ म्हणालो. त्याने मुकाट्याने पेला आणून ठेवला, आणि आम्ही वरमलो. ‘लाइए’ म्हटले असते तरी नकार त्यास शक्य नव्हताच. मात्र त्यासही इच्छा आहे, याचे स्मरण आम्हांस राहिले असते. विनयाने ऐकणारा मोकळा होत नाही. बोलणारा तेवढा सावध राहतो.

त्याच घडणीचे आणखी एक रूप आहे, ‘आब्लेमोस’, म्हणजे आपण बोलू या. त्यात सांगणाराही बांधला जातो. कचेरीत ते आम्ही क्वचितच ऐकले. उच्चारले तर त्याहूनही क्वचित.