दोनशे ओंडके आणि राहून गेलेला अंत्यविधी

ज्यांच्या वाडवडिलांनी आपल्या वाडवडिलांना ठार मारले, त्यांच्याच घरात आपल्या मृतांचे स्मारक उभारणे योग्य की अयोग्य? प्रश्न वरवर भावनेचा वाटतो, परंतु तो नीतीचा आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कलावंतांपुढे तो १९८८ साली प्रत्यक्ष उभा राहिला.

२६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांची गलबते सिडनीच्या बंदरात येऊन तेथे वसाहत सुरू झाली. १९८८ साली त्यास दोनशे वर्षे झाली म्हणून मोठा सरकारी उत्सव झाला. ज्यांचा मुलूख गेला त्यांनी या उत्सवात काय करावे? हजारो लोक सिडनीच्या रस्त्यांवर निषेधासाठी उतरले. तिकडे उत्तरेस, आर्नहेम लँडमधील रामिंगिनिंग या लहानशा वस्तीत, कला-सल्लागार जॉन मंडीन यांच्या कल्पनेवरून ४३ स्त्री-पुरुष कलावंत २०० ओंडके रंगवून मोकळे झाले होते. गेलेल्या प्रत्येक वर्षास एक ओंडका.

ओंडकेच का, हे समजून घेतले पाहिजे. त्या भागात माणूस मेल्यावर काही काळाने त्याच्या अस्थी स्वच्छ करून, गेरू लावून, वाळवीने आतून पोखरलेल्या झाडाच्या खोडात ठेवीत. खोडावर मृताच्या कुळाची नक्षी काढीत. गाणी होत, नाच होत, आणि मग तो ओंडका उघड्यावर उभा करून उन्हापावसाच्या स्वाधीन करीत. वरच्या बाजूस पुष्कळदा एक लहान भोक ठेवीत. मृताच्या आत्म्याने त्यातून आपला मुलूख पाहावा म्हणून. येथे मुलूख म्हणजे नुसती जमीन नव्हे. पाणवठे, प्राणी, पूर्वज, त्यांची गाणी हे सारे त्यात येते. माणूस मुलखाचा असतो आणि त्याने मुलूख सांभाळायचा असतो. कोणती नक्षी कोणी काढावी हेही कुळाकुळाने ठरलेले असते. नक्षी हाच त्यांचा सातबारा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इंग्रजी कायद्याला मात्र हा सातबारा वाचता येत नव्हता. त्याने तो मुलूख बेवारस धरला. ती समजूत तेथील सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात खोडून काढली ती १९९२ साली! मी स्वतः वर्गात कित्येक वर्षे ‘कॅप्टन कुकने १७७० साली पूर्व ऑस्ट्रेलियाचा शोध लावला’ असे फळ्यावर लिहीत आलो. ज्या किनाऱ्यावर माणसे राहत होती त्याचा ‘शोध’ कसा लागतो, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

रामिंगिनिंगच्या २०० ओंडक्यांत अस्थी नाहीत. मुलूख राखताना जे मारले गेले आणि ज्यांचा विधी करावयास कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी ते आहेत. सिडनीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते प्रथम मांडले गेले आणि पुढे कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात कायमचे उभे राहिले. कलेचे जाणकार याला मांडणशिल्प म्हणतात.

येथेच आक्षेप निघतो. हे काम त्या कलादालनाने सांगून करवून घेतले आणि त्यासाठी प्रवेश-शुल्काचा पैसाही वापरला. मग दुःख विकले असे झाले नाही काय? विधीची वस्तू तमाशाची वस्तू झाली नाही काय?

मला हा आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. तरीही माझे मत कलावंतांच्या बाजूने पडते. रानात ओंडका कुजतो, आणि ते योग्यच आहे. विधी पुरा झालेला असतो, आप्तांनी रडून घेतलेले असते. परंतु जेथे खुनाची कबुलीच नाही तेथे कुजणे कोणाच्या सोयीचे? त्याच कॅनबेरात एक मोठे युद्धस्मारक आहे. परदेशांत पडलेल्या सैनिकांची नावे तेथे कोरली आहेत. आपल्याच भूमीवर आपला मुलूख राखताना पडलेल्यांना तेथे दीर्घकाळ स्थान नव्हते. म्हणून ओंडके मारणाऱ्यांच्या वारसांच्या घरात ठेवले गेले. आता त्यांना वाळवी लागू नये, रंग उडू नये, याची काळजी वर्षानुवर्षे त्या राज्याच्याच नोकरांना वाहावी लागते. आपण मोडलेली गोष्ट आपणच राखावी, यात मला न्यायाचा काही अंश दिसतो.

अंशच म्हणतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारे मंडळ राज्यघटनेने द्यावे की नाही, यावर सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. कलादालनात हळहळणारे त्यांतही असतील.

ओंडक्यांची मांडणी मी छायाचित्रांतच पाहिली आहे. ते कसेही उभे केलेले नाहीत. आर्नहेम लँडमधील ग्लाइड नदीच्या काठी ज्या कुळाची भूमी जेथे आहे, त्या क्रमाने त्या कुळाच्या कलावंतांचे ओंडके लावले आहेत, आणि मधून नदीच्या वळणाची वाट मोकळी सोडली आहे. दालनात येणाऱ्याला त्या वाटेने चालत जाता येते, आणि दोन्ही बाजूंनी ती भोके त्याच्याकडे पाहत असतात.