राखेची वीट

माझं बालपण विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राजवळ गेलं. वाळलेले कपडे आई आधी झटकायची आणि मगच घडी घालायची. त्यांवर करडी राख बसलेली असायची. गेल्या वर्षी आम्ही तिथेच घर बांधलं, राखेच्या विटांचं. जी फुकट अंगावर पडायची, ती विकत घेतली.

यात वाईट काही नाही. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. ती कुठेतरी जाणारच. १९९९मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. सिमेंट किंवा चुना घालून केलेली राखेची वीट तर भाजावीही लागत नाही. शेतातली माती वाचते.

पण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बग निघेना की त्याला फीचर म्हणतात. मग लोक त्यावर आपलं काम उभं करतात आणि पुढे तो काढायला गेलं की तेच ओरडतात. राखेचंही तसंच होईल का? गिऱ्हाईक मिळालं की ती कमी करायची निकड कोणाला उरते?

राख वापरल्याने नुकसान थोडं भरून निघतं, पण ती निर्माण करायचा परवाना मिळत नाही. उद्या केंद्र बंद करायचं ठरलं आणि ‘विटांचं काय?’ असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर काय असेल? माझं घर तर बांधून झालंय.

आई अजूनही कपडे झटकूनच घडी घालते.